खाली धरलेला हात

कोणी काही उचललं की अक्का त्याखाली तळहात धरायच्या. चहाची बशी असो, चष्मा असो, नाहीतर गिऱ्हाइकाच्या हातातलं पिस्तूल. डावा हात, किंचित खोलगट केलेला, वस्तूला न लागता खाली थांबलेला. तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, ज्याला सगळं पडणारच आहे असं वाटतं. अक्कांना नुसतं वाटत नव्हतं. त्यांना ते आधी ऐकू यायचं, असं आता मला वाटतं.

जळगावात त्यांचं बंदुकांचं परवान्याचं दुकान होतं. यजमान गेले तेव्हा दिराने चारचौघांत विचारलं होतं, बाईमाणूस आता काडतुसं विकणार का? अक्कांनी परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला आणि यजमानांच्या खुर्चीवर येऊन बसल्या. दीर समोरच्या पानटपरीवर उभा राहून दुकानाकडे बघत असे. अक्कांची एक चूक, एवढंच त्याला हवं होतं. मी काउंटरवर असायचो. त्याला रोज दिसायचो आणि ओळख देत मान हलवायचो.

पिस्तुलाचं मॅगझिन म्हणजे काडतुसं भरायची लोखंडी डबी. ती मुठीत खालून सरकवायची, खटका लागला की बसली. लोकांना वाटतं, बत्तीस बोअरचं मॅगझिन बत्तीस बोअरच्या कुठल्याही पिस्तुलाला चालेल. तसं नसतं. एकाच कारखान्याचं जुनं आणि नवं पिस्तूल शेजारी ठेवलं तर जुळी भावंडं वाटतील, पण मॅगझिनवरची खटक्याची खाच एकात केसभर वर असते. डबी आत जाते. खट् असा आवाजही येतो. काउंटरवर ठेवा, जागची हलणार नाही. झटका बसला की मात्र निसटते.

अमळनेरचे एक व्यापारी कोणाकडून तरी आणलेलं जास्तीचं मॅगझिन घेऊन आले. बसतंय की अक्का, म्हणाले. अक्कांनी काउंटरवर गोधडीची घडी टाकली, ते मॅगझिन रिकाम्या पिस्तुलात घालून पिस्तूल त्यावर सुलटं धरलं आणि दुसऱ्या हाताने मनगटावर थापटी मारली. डबी आवाज न करता गोधडीवर पडली.

"घरमा घुसनं म्हणजे घरनं व्हई गयं का?" अक्का म्हणाल्या. एरवी त्या शहरी मराठी बोलायच्या, मनातलं काही मात्र माहेरच्या बोलीत यायचं.

"हे जरा आमच्या मेव्हण्याला येऊन सांगा," व्यापारी म्हणाले. अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. दीर टपरीवरून बघत होता.

खंडेनवमीला आमच्याकडे गर्दी असायची. परवानाधारक आपापली हत्यारं पूजेला आणि तेल-पाण्याला घेऊन यायचे. अक्कांची पद्धत होती. पिस्तूल आणि त्याचं मॅगझिन, दोन्हींना एकाच रंगाचा दोरा. पूजेतही दोरा सुटायचा नाही आणि परत देताना प्रत्येक जोडी गोधडीवर थापटून द्यायची.

एका वर्षी पूजेचं ताट मी मांडलं. मधे समई, भोवती मॅगझिनं सूर्याच्या किरणांसारखी. दोऱ्यांमुळे ती नीट मांडता येईनात, म्हणून दोरे सोडले. गिऱ्हाइकांनी फोटो काढले, दिरानेही आत येऊन नमस्कार केला. मग सगळ्यांना एकदम घरी जायची घाई झाली. मी एकेक मॅगझिन उचललं, जे ज्यात गेलं ते घातलं, खट् ऐकलं आणि दोरे पुन्हा बांधून टाकले. अक्का प्रसाद वाटत होत्या. तिथून त्यांनी विचारलं,

"हालाईसन देखं ना, भाऊ?"

"हो अक्का, हलवून पाहिलं," मी म्हणालो.

गोधडी कपाटातच होती.

त्या पूजेला मुक्ताईनगरकडचे एक केळीवाले नानाही आले होते. थंडी पडायला लागली तेव्हा एका पहाटे बागेजवळ त्यांची वाट कोणीतरी अडवली. नानांनी पिस्तूल काढलं. ते उडालं नाही, वार नानांवर झाला. दवाखान्यात नेताना ते भावाला एवढंच म्हणाले, खालून गळून पडलं. पोचेपर्यंत नाना गेले होते.

पोलीस चौकशी झाली. नानांचं पिस्तूल नव्या घडणीचं, बागेत पडलेलं मॅगझिन जुन्या घडणीचं निघालं. साहेबांनी मला विचारलं, दुकानात जोड्या कोण लावायचं? टेबलाच्या या बाजूला अक्का, त्या बाजूला मी, दारात दीर.

"अक्का लावायच्या," मी म्हणालो.

इतर दिवसांसाठी ते खरंच होतं. त्या दिवसासाठी नव्हतं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी सहीला पेन उचललं तेव्हा सवयीने त्यांनी त्याखाली हात धरला.

परवाना रद्द झाला. दुकानात दिराने मोबाईल विकायला घेतले आणि मला काउंटरवर ठेवून घेतलं. बाईच्या हाती हत्यार दिलं की असं होतं, हे जळगावात इतक्यांदा बोललं गेलं की मीही मान हलवायला शिकलो. अक्का धुळ्याला बहिणीकडे गेल्या.

मी एकदाच भेटायला गेलो. अक्का ओट्यावर बसल्या होत्या, मांडीवर तीच गोधडी. रिकाम्या उजव्या मनगटावर डाव्या हाताने थापटी मारायच्या, मग तोच डावा हात झटकन खाली धरायच्या. थांबून ऐकायच्या. पुन्हा थापटी. बहीण म्हणाली, दिवसभर हेच चालतं, आणि खरं सांगू का भाऊ, कधीकधी घरात खट् वाजतं. आम्ही शोधतो, पडलेलं काही सापडत नाही.

अक्कांनी मला ओळखलं. "हालाईसन देखं व्हतं ना, भाऊ?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं आणि तरी तो तुम्हाला एक संधी देतो, तसं ते होतं. मी पुन्हा हो म्हणालो. बसमध्ये बसेपर्यंत पाठीमागे थापटी ऐकू येत होती. ओटा तर तीन गल्ल्या मागे राहिला होता.

अक्का गेल्या तेव्हा मी धुळ्याला पोहोचलो. बायकांनी त्यांचा डावा हात छातीवर ठेवून बोटं मिटली होती. बोटं उघडली. पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. शेवटी कोणीतरी म्हणालं, असू द्या. तो तळहात तसाच, खोलगट, वर बघत गेला. मी पायाशी वाकलो. सगळे मागे सरले होते, बोलायला तेवढी जागा होती. मी पायांना हात लावला आणि मागे सरलो.

आता दीरही नाही आणि मला कोणी विचारणारं नाही, म्हणून लिहून ठेवतो. त्या खंडेनवमीला दोरे मी सोडले. जोड्या मी लावल्या. हलवून पाहिलं नाही. अक्कांनी विचारलं होतं आणि मी खोटं बोललो, त्यांच्याशी दोनदा, साहेबांसमोर एकदा.

हे लिहून झालं की आवाज थांबेल असं मनात होतं. थांबलेला नाही. दिवेलागणीला मी एकटा असलो की खोलीत खटका सुटतो, स्पष्ट. त्यानंतर लोखंड फरशीवर आपटल्याचा आवाज यायला हवा. मी कान देऊन बसतो. तो येत नाही.

खाली कोणीतरी हात धरलेला असतो.