पायांना कळलेलं

कासारवाडीत आमच्या इमारतीच्या मागून रेल्वेचे रूळ जातात. गाडी येतेय हे आधी फरशीला कळतं, मग माझ्या टाचांना, आणि कानांना सगळ्यात शेवटी. लग्न होऊन इथं आले तेव्हा चार दिवस झोप लागली नव्हती. पाचव्या दिवसापासून गाड्या जाणवेनाशा झाल्या. इथं सगळ्यांचं तसंच होतं. पण गेली सात वर्षं गाडी नसतानाही माझ्या टाचेखाली फरशी थरथरते. भर दुपारी, ओट्याशी पोळ्या लाटत असताना. मी लाटणं हातात धरून तशीच उभी राहते. गाडी काही येत नाही. तव्यावरची पोळी करपते.

याला मराठीत भास म्हणतात. मी कोश काढून पाहिला. संस्कृतात भास् म्हणजे उजळणं, चमकणं. सूर्याला भास्कर म्हणतात ते याच धातूवरून. म्हणजे जे लख्ख समोर येतं ते भासायला हवं. आपण मात्र नसलेल्या गोष्टीलाच भास म्हणत आलो. ही नोंद वाचून मला बरं वाटलं नाही. तुला होतंय ते खोटं आहे, असं ठामपणे सांगायला कोशसुद्धा तयार नाही, एवढंच त्यातून कळलं.

शब्दांची मुळं खणायचं वेड मला आधी नव्हतं. आता जेवणं झाली की मी कोश घेऊन बसते आणि नवरा चिडवतो, "बसलं का तुझं कोर्ट?" त्याला गंमत वाटते. हे कोर्ट रोज एकाच आरोपीसाठी बसतं, हे मी त्याला सांगितलेलं नाही.

मी जर्मनची दुभाषी आहे. चाकणच्या कारखान्यांत तिकडचे इंजिनिअर आले की त्यांच्या आणि आपल्या माणसांच्या मधे उभं राहायचं, एकाचं ऐकायचं, दुसऱ्याला सांगायचं. चांगला दुभाषी मधे आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मी चांगली होते. त्याचा मला तोराही होता.

सात वर्षांपूर्वी एका कारखान्यात नवा प्रेस आला. प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं यंत्र. वरचा जड भाग, कामगार त्याला दाब म्हणतात, खाली येतो, पत्रा दाबतो, वर जाऊन थांबतो, आणि तो थांबलेला असताना ऑपरेटर हात घालून तयार तुकडा काढून घेतो. या यंत्रावर जे ऑपरेटर होते ते देहूचे, पन्नाशी ओलांडलेले. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणायचे. काकांची एक पद्धत होती. शिफ्ट सुरू झाली की पहिले चार-दोन ठोके ते यंत्र रिकामंच चालवायचे आणि स्वतः डोळे मिटून, पाय रोवून, एक तळवा यंत्राच्या खांबाला लावून उभे राहायचे. नव्या लोकांना वाटायचं काका नामस्मरण करतायत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "न्हाई ओ मॅडम, बघतोय." डोळे मिटून बघतोय म्हणण्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही, आणि मलाही नाही. मराठी माणूस सगळंच बघतो. भाजी चाखून बघतो, कापड हात लावून बघतो, अत्तराचा वास घेऊन बघतो.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. काकांनी नव्या प्रेसला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. यंत्र बसवायला आलेला जर्मन इंजिनिअर वयानं लहान होता, वागायला सभ्य होता. त्यानं मला विचारलं, "आता हे जास्त चांगलं चालेल का?" मी ते मराठीत सांगितलं, सगळे हसले, काकाही हसले. मीही हसले, पण आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं या लोकांची भाषा शिकले आणि शेवटी मी त्यांना काय दाखवतेय तर नारळ, असं काहीतरी मनात आलं. तो बिचारा सहज बोलला होता. लाज माझी होती.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि सकाळी अकराच्या सुमारास काकांनी मला हात करून बोलावलं. तो जर्मन पाहुणा शेजारी होता, कारखान्याचे व्यवस्थापकही होते. काका म्हणाले, "मॅडम, साहेबांना सांगा. दाब वर जाऊन थांबतो, पर थांबताना जरा रेंगाळतो. डोळ्याला दिसत न्हाई, आवाजातबी न्हाई. पायातनं जाणवतंय. सणाच्या आधी न्हवतं, आज हाय. मशीनचं मन न्हाई आज."

शेवटचं वाक्य गाळायचं, हे मी तोंड उघडायच्या आधीच ठरवलं. मग वाटलं, पायातून जाणवतंय हेही नको. पाहुण्याच्या संगणकाच्या पडद्यावर सगळं हिरवं होतं, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं माप होतं. परवा यंत्राला नारळ फोडणारा माणूस आज पायातून जाणवतंय म्हणतोय, हे मी कोणत्या तोंडानं सांगू? व्यवस्थापक घड्याळाकडे बघत होते. मी जर्मनमधे एवढंच म्हणाले, "ते म्हणतायत, नव्या यंत्राची सवय व्हायला थोडा वेळ लागेल." पाहुणा काकांकडे बघून हसला, मान डोलावली, म्हणाला की असं सगळीकडेच होतं. मी काकांना सांगितलं, "ते म्हणतायत, काळजी करू नका."

चौथ्या दिवशी दुपारी वर गेलेला दाब थांबला नाही. काका तुकडा काढत होते. त्यांचा उजवा पंजा मनगटापासून गेला. मी त्या वेळी कॅन्टीनमधे जेवत होते. पायाखालची फरशी हादरली, दिवसातून शंभर वेळा हादरायची तशीच, आणि मी ताटातला भात संपवला.

चौकशी झाली. काकांनी दवाखान्यातल्या खाटेवरून जबाब दिला की मॅडमला सांगितलं होतं आणि मॅडमनी साहेबांना सांगितलं. पाहुणा तोवर मायदेशी परतला होता. त्यानं कळवलं, असं काही बोलणं झाल्याचं आठवत नाही. मग मला विचारलं. मी हो म्हणाले. माझं ते हो साक्ष म्हणून लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. साक्षी म्हणजे स अधिक अक्ष, डोळ्यांसह असलेला. डोळे असले की झालं. त्या डोळ्यांचा मालक पुढे काय बोलतो, याची जबाबदारी शब्दानं घेतलेली नाही. कागद फाइलला लागला. काकांना गेटवर नोंदी ठेवायचं काम दिलं, ते डाव्या हातानं लिहायला शिकले. मी दुसऱ्या कारखान्याचं काम धरलं आणि त्या गेटवरून पुन्हा गेले नाही.

त्यानंतर माझं कोर्ट बसायला लागलं. इंग्रजीत जाणण्याला जो पर्सीव्ह शब्द आहे, त्याच्या पोटात लॅटिनमधलं पकडणं आहे, कॅप्चरमधे आहे तेच. आपलं ग्रहणही तसलंच, धरून घेणं. या शब्दांतला माणूस उठून जगाला पकडून आणतो. मराठी त्या मानानं निवांत. मला दिसतं, मला ऐकू येतं, वास येतो, जाणवतं. माणूस जागचा हलत नाही, सगळं त्याच्याकडे चालत येतं. दिसणं हे संस्कृतातल्या 'दृश्यते' या क्रियापदावरून आलं, म्हणजे पाहिलं जातं. कोणाकडून, ते सांगितलेलंच नाही. हे वाचून मला काही दिवस फार बरं वाटलं. यायचं ते येतं, यायचं नसेल ते येत नाही, यात माझा काय दोष? भाषाच मला सोडवतेय, असं मी स्वतःला समजावलं. पोळ्या करपत राहिल्या.

मग मी जाणवणं काढलं. ते जाणण्यावरूनच आलंय, आणि जाणणं ज्ञा धातूवरून, ज्ञान जिथून आलं तिथूनच. आमच्या हिंदी बोलणाऱ्या कामगारांचं महसूस अरबीतून आलंय, ते इंद्रियांपाशी थांबतं. मराठीनं मात्र काकांच्या तळव्यांना लागलं त्यालाही ज्ञानच म्हणून ठेवलंय. पडद्यावरच्या आकड्यांच्या पंगतीत बसवलंय. मी ते उठवून बाहेर पाठवलं होतं.

सगळ्यात शेवटी जर्मन. तिथं जाणण्याला वारनेमेन म्हणतात. नेमेन म्हणजे घेणं आणि वार म्हणजे खरं, तर खरं म्हणून घेणं, असं मी शिकताना पाठ केलं होतं. ते चूक निघालं. हा वार वेगळा आहे. जुन्या जर्मनमधे त्याचा अर्थ लक्ष, राखण. इंग्रजीतल्या बिवेअरमधे तोच आहे. म्हणजे समोरच्याचं खरं वाटलंच पाहिजे अशी अट त्या शब्दात नाहीच. लक्षात घ्यायचं, जपायचं, बस. ते पान मी पुन्हा उघडलेलं नाही.

आता मी शनिवारी चिंचवडमधे नव्या दुभाष्यांना शिकवते. दर वर्गात मी एक उदाहरण देते, कुठून आलं ते न सांगता. "पायातून जाणवतंय, असं कुणी म्हणालं तर काय कराल? जर्मनमधे ते नेता येत नाही. सोडून द्यावं लागतं." सगळे लिहून घेतात. गेल्या पावसाळ्यात एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, श्प्युरेन चालणार नाही का?"

"नाही चालणार," मी म्हणाले. "आणि मधे बोलू नका."

ती मुलगी वरमली, तिनं हात खाली घेतला. तिचं बरोबर होतं. श्प्युरेन म्हणजे अंगाला जाणवणं. तो शब्द श्पूरवरून आलाय, श्पूर म्हणजे पावलाचा ठसा, माग. मला तो पहिल्या वर्षापासून येत होता. त्या दिवशी प्रेसपाशीही येत होता, अगदी जिभेवर होता. शब्द नव्हता म्हणून मी काकांचं बोलणं गाळलं नव्हतं. मला त्यांची लाज वाटली होती. सात वर्षं सगळे कोश पालथे घालून मी जे शोधत होते, ते असं भर वर्गात समोर आलं आणि मी त्या मुलीवर डाफरले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी मी गाडी काढून देहूला गेले. काका वर्षभरापूर्वी निवृत्त झाले होते. गावठाणातलं त्यांचं घर विचारत विचारत सापडलं. ते ओसरीवर मांडी घालून डाव्या हातानं भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. शेंग फरशीवर ठेवायची, अंगठ्यानं दाबायची. उजवा हात बाहीत होता. मला पाहून त्यांनी आत हाक मारली, "अगं, मॅडम आल्यात आमच्या कंपनीच्या. चहा टाक."

पाणी प्यायच्या आधीच मी बोलून टाकलं. थांबले असते तर जमलं नसतं. "काका, त्या दिवशी तुम्ही जे सांगितलंत ते मी साहेबांना सांगितलंच नाही. चौकशीत मी खोटं बोलले."

काकांनी हातातली शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. "ठावं हाय मला."

"कसं?"

"आमी येवढं लांबण लावलं आन् तुमी एका घासात संपवलं. आन् त्यो माझ्याकडं बघून हसला. खरं सांगितलं असतं तर मशीनकडं बघितला असता न्हवं?"

"मग तुम्ही माझ्या बाजूनं जबाब का दिलात?"

"हात काय परत येनार व्हता व्हय? मंग तुमच्या पोटावर पाय कशाला आनायचा."

मला रडू फुटलं. खरं सांगायचं तर त्यात सुटल्याचं समाधानही होतं. इतक्या वर्षांचं ओझं, आणि समोरच्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्यानं माफही करून टाकलं होतं. मी पदरानं डोळे पुसले. आता उठावं, असंही वाटून गेलं.

"पर येक सांगू का, पोरी?" काका म्हणाले. कारखान्यात त्यांनी मला कधी पोरी म्हटलं नव्हतं. "राग न्हाई तुझ्यावर. तू सांगितलं न्हाईस ना, तवा मला वाटलं, शिकलेली बाई हाय, सांगन्याजोगं असतं तर सांगितलं असतं. म्हंजी माझंच चुकत असंल. चार दिस पाय रोज सांगत व्हते. मी म्हनलं, गप बसा, तुमाला काय कळतंय. बंद करायचं लाल बटन माझ्या हाताखालीच व्हतं."

मी त्यांच्या उजव्या बाहीकडे बघितलं.

"हाताचं काय न्हाई," ते म्हणाले. "हाताबिगर जमतंय आता. पर तवापास्नं अंगाला लागंल त्या कशाचाच भरवसा वाटंना झालाय."

काकू चहा घेऊन आल्या. एक कप माझ्यापुढे ठेवला, एक काकांच्या डाव्या हातात दिला. कपातून वाफ निघत होती. काकांनी बोटं कपाभोवती धरली, त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि मान वर करून विचारलं, "गरम हाय का गं?"

"हाय," काकू म्हणाल्या, रोजचा प्रश्न असावा तशा. "जरा दमानं घ्या." आणि त्या आत निघून गेल्या.

काकांनी कप खाली ठेवला आणि चहा निवायची वाट बघत बसले.