आपोचं रोजचं उत्तर

भाताच्या पेजेचा वास आला की आजही मला हाँगकाँगची आपो आठवते. चौथीतच शाळा सोडलेला मी लढाईच्या दिवसांत तिथं गोदामावर पहारेकरी होतो. परक्या मुलखात भलतंच काही बोलून बसेन या धास्तीनं, कानावर पडलेलं एकेक वाक्य वहीत उतरवून पाठ करायचो. पहिलंच वाक्य होतं, ‘सिक् चो फान् मेई आ?’ म्हणजे ‘जेवलात का?’ अगदी आमच्या मार्गासनी गावातल्यासारखी विचारपूस! शेजारच्या म्हातारीला सगळे आपो, म्हणजे आजी, म्हणत; तिला मी ते रोज विचारी. ‘रेड्यासारखा हंबरतोस,’ म्हणून ती हसे, माझा सूर नीट करून घेई आणि मग उत्तर देई, ‘सिक् चो.’ जेवले. ती नसती तर मी तिथं मुकाच राहिलो असतो.

पुढं बाजारात तांदूळ मिळेनासा झाला, तरी तिचं उत्तर तेच. आणि मला आनंद कशाचा, तर ते समजल्याचा.

एका सकाळी ती उठलीच नाही. तिच्या चुलीच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं.

घरी आईसुद्धा चूल न पेटवताच म्हणायची, ‘म्या कवाच जेवले, तू खा.’ तेव्हा मी अर्धी शिळी भाकरी तिच्यापुढं सरकवायचो. आपोचं मात्र मी खरं मानलं. गोदामावर मला रोज भात मिळत होता.