वजनकाट्याला न दिसलेलं

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी रुग्णालयातून लावण्याचा फोन आला. "अक्का, मॅडम गेल्या..." मॅडम म्हणजे माझी मावसबहीण वसुधाताई, इथल्या एका कॅन्सर रुग्णालयातली आहारतज्ज्ञ. लावण्या तिच्या हाताखाली तयार झालेली.

बरकतपुऱ्यात आमची घरं शेजारी, तरी ताईचं काम मला कळलं ते माझे यजमान आजारी पडल्यावर. जठराचा कॅन्सर. केमो चालू होती आणि वजन महिनाभर तसंच होतं, म्हणून मी निर्धास्त होते. ताईने काट्याकडे पाहिलंच नाही. यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. पडलेला खळगा लवकर भरेना. मग कानशिलं चाचपली, दंडाला टेप लावली आणि हात पुढे करून म्हणाली, "भावोजी, जोरात दाबा." यांनी दाबला, आणि तिचा चेहरा उतरला. बाहेर येऊन तिने मला सांगितलं, "वजन दिसतंय ते पाण्याचं. आतलं मांस झडतंय." स्कॅनमध्ये पाठीचे स्नायू किती बारीक झालेत, हे तिने डॉक्टरांना दाखवलं. हा डोस या अंगाला झेपणार नाही, आधी दोन आठवडे नळीने अन्न द्या, म्हणून ती हटून बसली. डॉक्टर आधी नाराज झाले, मग त्यांनी ऐकलं. आज हे रोज चालत सुलतान बाजारापर्यंत जाऊन येतात.

गेल्या वर्षी ताईलाच स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. तिने हाताखालच्या मुलींना घरी बोलावलं. "दर सोमवारी माझी मापं घ्या, शिकायला मिळेल." एका सोमवारी लावण्याने दंडाचं माप मोठ्याने वाचलं, आणि ताई म्हणाली, "एक सेंटीमीटर वाढवून सांगितलंस. अगं, खोट्या आकड्यावर पेशंटला खाऊ कसं घालशील?" लावण्याने रडत खरा आकडा सांगितला. ताईने तो स्वतः वहीत लिहिला. मी दारात उभी होते. आपलं झिजणं कुणी इतक्या शांतपणे शिकवायला काढू शकतं, हे पाहिलं नसतं तर मी मानलं नसतं...

परवा रुग्णालयात गेले, तेव्हा लावण्या नव्या नर्सना तीच मापं फळ्यावर लिहून दाखवत होती. ताईच्याच इच्छेने, नाव न सांगता. एकीने विचारलं, "ये पेशंट आखिर तक खाए क्या, मॅडम?"

लावण्याने माझ्याकडे पाहिलं. "खाए. आखिर के दिन दो चम्मच पप्पुचारू."

आंबट वरणाचे ते दोन चमचे मी भरवले होते.