बर्फकाका सांगतील तिथं

समुद्रावर सुट्टीला आलेल्या माणसाला दोनच प्रश्न पडतात. पाणी किती खोल आहे, आणि जेवायचं कुठं. पहिल्या प्रश्नासाठी किनाऱ्यावर पाटी लावलेली होती. दुसऱ्यासाठी बर्फकाका होते.

एकाच रस्त्यावर ओळीनं तीन गावं. पहिलं दीपगृहाचं, दुसरं धक्क्याचं, तिसरं लांब वाळूचं. तिन्ही मिळून बावीस हॉटेलं, आणि बावीसही हॉटेलांत रोज सकाळी काकांचा टेम्पो जायचा. पहाटे बर्फाच्या कारखान्यातून साठ लाद्या भरायच्या, वर भुसा पसरायचा, त्यावर गोणपाट टाकायचं आणि दहाच्या आत टेम्पो रिकामा करायचा. एकतीस वर्षं हेच. हाताची बोटं आता पूर्ण सरळ होत नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायचे, "सरळ करून कुणाला दाखवायचीत? लादी धरायला अशीच बरी."

लोक हॉटेल निवडतात ते काय बघून? खुर्च्या बघतात, दिव्यांच्या माळा बघतात, मोबाइलवर कुणा अनोळखी माणसानं दिलेल्या चांदण्या मोजतात. मोजा बापडे! काका मागच्या दारानं आत जायचे. कुणाकडे किती मासळी उतरते आणि कोण किती बर्फ घेतो, एवढ्या दोन गोष्टी त्यांना पुरायच्या. दहा टोपल्या मासळी आणि दोन लाद्या बर्फ, म्हणजे तिथं काहीतरी गडबड आहे, हे कळायला काय कॉलेजात जावं लागतं?

धक्क्यावरच्या लॉजवाल्या बाई रोज अर्धी लादी घ्यायच्या आणि लादीबरोबर काकांचं मतही घ्यायच्या. पाहुण्यांना सांगायला. काका कुणाला नावं ठेवायचे नाहीत, पण आडपडदाही ठेवायचे नाहीत. "दीपगृहाजवळचं गच्चीवालं छान आहे, पण सोमवारी नको. रविवारी होड्या जात नाहीत, सोमवारी शिळंच मिळणार. आपल्या धक्क्यावरच्या पत्र्याच्या हॉटेलात खुर्ची डुगडुगते, वेटर खेकसतो, पण मासा सकाळपर्यंत पाण्यात होता. आणि शेजारचं ते काचेचं... तिथं ऑम्लेट खावं." बाई हसायच्या, पण पाहुण्यांना तसंच सांगायच्या. इतक्या वर्षांत त्यांच्या एकाही पाहुण्याचं पोट बिघडलं नव्हतं.

काकांना एकच लेक. आई लवकर गेली, तेव्हा सात वर्षांची पोर टेम्पोत शेजारी बसून तिन्ही गावं फिरायची. हॉटेलांच्या स्वयंपाकघरात तिचे लाड व्हायचे. कुणी तळलेला तुकडा हातावर ठेवला की ती लगेच तोंडात टाकायची नाही. आधी बापाकडे वळून बघायची आणि विचारायची, "बाबा, खाऊ?" काकांनी मान हलवली तर खायची, नाहीतर तुकडा गुपचूप मांजरीला. आचारी थट्टा करायचे, "अगं, आम्ही काय विष घालतो का?" पण पोरगी बधायची नाही.

तीच पोरगी पुढे वाळूच्या गावातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलात सून म्हणून गेली. पहिली दोन वर्षं ती मागच्या खोलीत भाजी निवडत बसायची, सासरी तिला कुणी विचारत नव्हतं. बर्फवाल्याची मुलगी, हे तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण ऐकू येत होतं. मग पिल्लू झाली, आणि मुलगी झाल्यावर का होईना, सासऱ्यांनी सुनेला गल्ल्यावर बसवलं. ती गिऱ्हाइकांशी गोड बोलायची, गर्दी सांभाळायची. काका सकाळी सहा लाद्या उतरवून पिल्लूच्या गालाला गार बोट लावायचे, ती खिदळायची, आणि काका तिथंच भरून पावायचे.

यंदा हंगाम सुरू झाला आणि जावई म्हणाले, "बाबा, उद्यापासून बर्फ नको. कोल्ड रूम घेतली, आठवडा झाला चालू आहे."

काकांना वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण जग पुढं जातं, मशीन येतात, त्याला काय इलाज? त्यांनी कौतुकानं कोल्ड रूम बघितली. जाडजूड स्टीलचं दार, बाहेर तापमानाचे तांबडे आकडे. आत फळ्यांवर मासळीचे ट्रे. काका सवयीनं वाकले, आणि वाकलेलेच राहिले. ट्रेमधलं पाणी एका कोपऱ्यात उतरून तिथं गोठलं होतं. किंचित गुलाबी. सगळे ट्रे तसेच, उताराच्या बाजूला. बर्फ कधी स्वतःहून चालत कोपऱ्यात जात नाही. आधी वितळतो, वाहतो, मग पुन्हा गोठतो. म्हणजे हे रोज वितळत होतं.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. हंगामात सगळी हॉटेलं एसी लावतात, आणि तिन्ही गावांत बारा ते तीन वीज जाते. हॉटेलचा जनरेटर पंखे आणि दिवे ओढायचा. कोल्ड रूमचा भार त्याला झेपत नव्हता. काकांनी एका मोठ्या माशावर अंगठा दाबला. खळगा पडला तो वर आलाच नाही. असा मासा कितीही शिजवला, कितीही मसाला थापला, तरी आतलं जे बिघडलं ते बिघडलंच.

काका सरळ व्याह्यांकडे गेले. "अहो व्याही, आतला माल फेका. आणि जनरेटर मोठा येईपर्यंत बर्फ घ्या."

व्याही आचाऱ्यांसमोर, वेटरांसमोर खो खो हसले. "लाद्या बंद केल्या आणि लगेच वास यायला लागला होय तुम्हाला? धंदा बुडतोय म्हणून लेकीच्या घरात काड्या नका घालू!"

बर्फवाल्यानं बर्फ घ्या म्हणायचं आणि लोकांनी त्यावर विश्वास ठेवायचा! खरं बोलायला तोंड उघडलं तरी विक्रीच वाटणार होती.

लेक त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेली. तिचे डोळे भरले होते. "बाबा, तुमचं खरं असेल. मी ह्यांच्याशी बोलते, हळूहळू करून घेते. पण तुम्ही आता कुणाकडे एक शब्द काढू नका. तुम्ही बोलून निघून जाल, मला इथंच राहायचंय." आणि मग बारीक आवाजात म्हणाली, "मला परत मागच्या खोलीत बसवतील."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शब्द दिला.

पंधरा दिवस गेले. ऊन वाढलं, गर्दी वाढली. बारा वाजता वीज जात राहिली. काकांचा टेम्पो वाळूच्या गावातून जायचा, पण त्या दारात थांबायचा नाही.

एका शनिवारी लॉजवाल्या बाईंनी काउंटरवर तीन हॉटेलांची कार्डं मांडली. "काका, मोठी गिऱ्हाइकं आहेत. आजोबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. लेकरंबाळं धरून एकोणीस माणसं. उद्या दुपारी त्यांना मासेच खायचेत. गच्चीवाल्याकडे एवढी टेबलं नाहीत. पत्र्याच्या हॉटेलात आजोबा त्या खुर्चीवरून पडतील. राहिलं तुमच्या लेकीचं. तिथं पाठवू ना?"

काकांनी तिन्ही कार्डांकडे बघितलं. एरवी त्यांना विचार करावा लागत नसे. बाई पेन घेऊन उभ्या होत्या. नाही म्हटलं तर बाई विचारणार, का? आणि संध्याकाळच्या आत ते तिन्ही गावांत पसरणार, बर्फकाकांनीच लेकीच्या हॉटेलाची बदनामी केली. लेकीचा चेहरा त्यांच्या डोळ्यासमोर आला. कदाचित जनरेटर आला असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. कदाचित सगळे कोंबडी मागवतील.

"पाठवा," काका म्हणाले.

"बघा, लेकीचं नाव काढायला किती लाजता!" बाई हसल्या आणि त्यांनी फोन उचलला.

रविवारी सकाळी काका त्या दारावरून गेले. आत टेबलं जोडून लांबच लांब मांडणी चालली होती, फुगे बांधत होते. लेक दारात आली. पिल्लू कडेवर. लेक कधी नव्हे ते तोंडभर हसत होती, पिल्लूचा हात धरून टाटा करत होती. काकांचा पाय ब्रेककडे गेला. थांबावं, उतरावं, आत जाऊन ते टेबलच उलथं करावं. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. काकांनी हात हलवला आणि गाडी पुढे काढली.

घरी येऊन ते खाटेवर पडले. बारा वाजून दहा मिनिटांनी पंखा थांबला. काका पात्यांकडे बघत राहिले. फोन छातीवर होता. एक फोन केला की झालं असतं, बाईंना किंवा लेकीला. दोनदा उचलला, दोनदा ठेवला. भीती वाटत होती त्यांना, साधी भीती, लेक तुटेल याची. आता सूप येत असेल. आता ताटं वाढत असतील. आता आजोबा केक कापत असतील. तीनला पंखा फिरायला लागला, तेव्हा त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

संध्याकाळी फोन आला नाही. चला, काही झालं नाही, काका म्हणाले, आणि दोन घास जेवले.

सोमवारी सकाळी ते कारखान्यात लाद्या भरत होते. फोन वाजला. लॉजवाल्या बाई. आवाज ओळखू येईना. "काका, अहो, नऊ जण आडवे पडलेत. आजोबांना पहाटे दवाखान्यात हलवलं, शुद्ध नाहीये. डॉक्टर विचारतायत काय खाल्लं. तुम्ही तर म्हणाला होतात..."

काकांनी फोन ठेवला आणि लेकीला लावला. हातातला लादी ओढायचा लोखंडी आकडा ओल्या फरशीवर पडला.

"बाबा! मीच करणार होते फोन." लेकीचा आवाज नाचत होता. "काल काय बहार आली म्हणून सांगू! लॉजवाल्या बाई सासऱ्यांना म्हणाल्या, तुमच्या व्याह्यांनीच तुमचं नाव सुचवलंय. सासरे दिवसभर सगळ्यांना सांगत होते. मला म्हणाले, तुझे बाबा दिलदार माणूस."

"तू मासा खाल्लास?"

"मला कुठली सवड? चहावर काढला दिवस."

काकांनी श्वास सोडला. भिंतीला टेकले.

"पिल्लूला मात्र भरवला," लेक म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी बोलल्यापासून देत नव्हते हो मी तिला. रोज हट्ट करायची, रोज लपवायचे. पण काल म्हटलं, बाबांनी स्वतः माणसं पाठवली, म्हणजे बाबांनी आचाऱ्यांकडून विचारून घेतलं असणार, आता सगळं ठीक झालं असणार. तुम्ही हो म्हणालात, मग मी कशाला भिऊ? काटे काढून काढून भरवला. इतक्या आवडीनं खाल्ला!"

कारखान्यात लाद्या एकावर एक आपटत होत्या.

"बाबा? ऐकताय ना?"

"कुठाय ती?"

"झोपलीये अजून. संध्याकाळी दोनदा ओकली, म्हटलं ऊन लागलं असेल. मग जी झोपली ती... थांबा, किती वाजले?"

"बाळा, तिला उठव."

"असू दे की, झोपू दे जरा—"

"उठव तिला!"

लेकीनं फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. चपला वाजल्या, दार उघडलं. मग लांबून तिची हाक ऐकू आली, लाडाची, रोजच्यासारखी. "पिल्लू, ए पिल्लू, आजोबांचा फोन आलाय." काका फोन कानाशी दाबून उभे होते. दुसरी हाक जरा मोठ्यानं आली.

मग तिसरी.