आधी काळी, की आधी गोळ्या

गेल्या मार्चमधल्या एका रविवारी शहाडच्या सोसायटीतल्या रक्तदान शिबिरात माझ्या मोठ्या भावाचं रक्त घ्यायला नकार मिळाला. बोटातून काढलेला थेंब निळ्या द्रावणात बुडायला हवा होता, तो तरंगत राहिला. रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्याची ती खूण. सतरा वर्षं त्याने दर शिबिरात रक्त दिलं होतं.

"त्यांचं पाणीच शिळं असेल," तो म्हणाला.

दादा वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम करतो. तपासणीत हिमोग्लोबिन सात भरलं. ओळखीच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. आठवड्याने त्याचा मला फोन आला. "संडासला काळी होतेय गं." या गोळ्यांनी तसं होतं, हे मी आमच्या वर्तमानपत्राच्या आरोग्याच्या पानावर एकदा लिहिलं होतं. "गोळ्यांनी होते, दादा," मी सांगितलं. त्याने विषय तिथेच सोडला.

जूनमध्ये खोपटला एसटीच्या रांगेत तो चक्कर येऊन पडला. हिमोग्लोबिन साडेपाच. ठाण्याच्या रुग्णालयात रक्त चढवलं. तोंडातून घातलेल्या दुर्बिणीतून काही दिसलं नाही, गुदमार्गातून घातलेल्या दुर्बिणीतूनही नाही. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "आधी काळी व्हायला लागली, की आधी गोळ्या?"

"गोळ्या," मी म्हटलं.

"काळी," दादा म्हणाला. "दिवाळीपासून. मध्ये थांबायची, परत व्हायची."

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. "आणि मला नाही सांगितलंत?"

"कधी सांगू? जेवताना?"

कधीपासून, हे मी फोनवर विचारलं नव्हतं.

रक्त लहान आतड्यातून जात असावं, त्यानेच काळी होते, आणि दोन्ही दुर्बिणी तिथवर पोचत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. सीटी स्कॅनमध्ये तिथे लिंबाएवढी गाठ दिसली. कर्करोग आहे का, ते काढून तपासल्यावरच कळणार होतं. शस्त्रक्रियेत गाठीसह वीतभर आतडं काढलं. अहवालाला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी मी खोलीत शिरले, तेव्हा दादा म्हणाला, "तू सांगू नकोस. कागद दाखव."

स्नायूची साधी गाठ, कर्करोग नाही. गाठीवर व्रण होता, रक्त त्यातून जात होतं.

या मार्चमध्ये तो शिबिराच्या रांगेत उभा राहिला. शस्त्रक्रियेला वर्ष झालेलं नव्हतं, आणि त्याआधी रक्त घेत नाहीत. फॉर्म वाचून परत देण्यात आला. थेंब घेतला नाही.