वाचलेली खडपं

जगात जे जे म्हणून झाकण लावून, स्क्रू पिळून बंद केलेलं आहे, ते उघडून पाहण्यासाठीच आमच्या व्याह्यांचा जन्म झाला आहे, याविषयी आमच्या सालवडच्या घरात दुमत नाही. लेकीच्या लग्नाची बोलणी करायला ते मुरब्याहून आले, तेव्हा आम्ही मानपानाच्या धास्तीनं घामाघूम झालो होतो आणि हे मात्र आमच्या कण्हणाऱ्या पंख्याकडे टक लावून बसले होते. याद्यांचा विषय निघाला तेव्हा व्याही स्टुलावर उभे होते. "तुमची पोरगी आमाला पसंत हाय," ते वरूनच म्हणाले, "पन या पंख्याचं बेरिंग गेलंय." पुढे ऐन मंगलाष्टकांच्या वेळी वरपिता सापडेना. तो मांडवामागे लाऊडस्पीकरवाल्याच्या ॲम्प्लिफायरमध्ये डोकं घालून बसला होता.

तारापूरच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्त करण्यात त्यांची उभी नोकरी सरली, पण घर मूळचं मासेमारीचं. वडील तांडेल होते, म्हणजे समुद्रात त्यांच्या शब्दावर अख्खी होडी चालायची. उघडलेल्या यंत्राचे स्क्रू ठेवायला व्याह्यांना विहीणबाईंच्या मसाल्याच्या डब्यासारखी दुसरी सोय नाही. एकदा फोडणीत मोहरीबरोबर स्क्रू तडतडला, तेव्हापासून विहीणबाई डबा कुलपात ठेवतात. त्याचा उपयोग शून्य, कारण कुलूपही स्क्रूनंच बसवलेलं आहे.

त्यांचा सगळ्यात जीव आहे तो एका जुन्या कॉम्प्युटरवर. कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला कुणी परदेशी इंजिनिअर जाताना तो यांना देऊन गेला. टाइपरायटरएवढा, टीव्हीला जोडायचा, आणि झाकण उचललं की आत कार्डं खोचायच्या खाचा. नजर अधू होऊन वडील घरी बसले, त्या पावसाळ्यात व्याह्यांनी त्यांना या कॉम्प्युटरपाशी बसवलं आणि पाण्याखालच्या खडपांची, म्हणजे जाळी फाडणाऱ्या खडकांची, नावं विचारून घेतली. कुठलं खडप कुठे, किनाऱ्यावरची कुठली दोन झाडं एका रेषेत आली की ते पायाखाली येतं, सगळं. कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत टाइप करून फ्लॉप्यांवर साठवलं. वडील गेले. फ्लॉप्या राहिल्या, आणि खाऱ्या हवेत त्यांना बुरशी धरू लागली. एकेक फ्लॉपी आता फार तर एकदा वाचली जाईल, असं व्याह्यांचं निदान होतं. मी म्हटलं, हल्ली होड्यांवर जीपीएस असतं ना. "ते आकडा सांगतं," व्याही म्हणाले, "नाव नाय सांगत."

उपाय एकच होता. कॉम्प्युटरला हार्ड डिस्क जोडायची आणि फ्लॉप्या तिच्यावर उतरवून घ्यायच्या. त्यासाठी लागणारं कार्ड त्यांनी परदेशातल्या अशाच एका छांदिष्टाकडून टपालानं मागवलं आणि मला फोन केला, "व्याही, बॅटरी घेऊन या. उजेड धरायला मानूस पायजे." मुलीच्या बापाला असा मान क्वचितच मिळतो, मी लगेच गेलो. त्यांनी कार्डाचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, कार्ड खाचेत दाबून बसवलं आणि त्यातून निघालेली तारांची चपटी पट्टी डिस्कला जोडली. बटण दाबलं. काही नाही. कार्ड काढून पुन्हा बसवलं. तरी काही नाही. त्यांचं तोंड इतकं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "या पट्टीची एकच कड लाल का?"

"ती खूण हाय. लाल डावीकडं येतं," ते म्हणाले. "होडीला डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. शाळेत जायच्या आधी शिकलोय." आणि बोलता बोलता थबकले. माझ्या हातातली बॅटरी ओढून त्यांनी कार्डावर टेकवली. लाल कड जिच्या बाजूला यायला हवी, ती एक नंबरची पिन इथे उजवीकडे होती. जन्मभर मीटर दुरुस्त केलेल्या माणसानं पट्टी होडीच्या हिशेबानं लावली होती. ती फिरवली, आणि डिस्क घरघरली. फ्लॉप्या एकेक करून आत गेल्या, कुरकुरल्या आणि सगळ्या उतरल्या.

मग खडपांची यादी उघडली, आणि व्याह्यांचं बोट पहिल्याच नावावर अडलं. इंग्रजी अक्षरांत ट आणि त एकच, ळ आणि ल एकच. टाइप करताना त्यांचे बाबा शेजारी होते, तेव्हा शंका आली नव्हती. "मशीननं वाचवलं," ते हळूच म्हणाले, "आता वाचनार कोन?" मला फार वाईट वाटलं. मी मूळचा घाटावरचा माणूस, समुद्रातलं मला ओ की ठो कळत नाही. तरी खुर्ची ओढली आणि वाचू लागलो, "तालाचं खडप."

"तालाचं नाय हो, टाळाचं. ओहोटीला तिथं पानी टाळासारखं वाजतं." माझी चूक कानावर पडली की त्यांच्या जिभेवर बाबांचा उच्चार आपोआप येत होता. तेव्हापासून दर रविवारी मी चुकीचं वाचतो आणि ते मला झाडतात. यादी जवळजवळ पुरी झाली आहे.

एका नावापाशी मात्र गाडी अडते. डी-ए-टी-ए. मी आधी 'डेटा' वाचलं, ते नुसतेच हसले. मग दाता, दाटा, डाता, सगळं म्हणून झालं. प्रत्येक वेळी ते डोळे मिटून ऐकतात आणि मान हलवतात. परवा मी पुन्हा सुरुवात केली, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, व्याही. तेवढं एक बाबांकडंच ऱ्हाऊ द्या."

मी पुढचं नाव वाचलं. आता ते मला बरोबर येत होतं, तरी मुद्दाम चुकीचं वाचलं.