न झालेल्या मडमेचं सुतक

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट कोणत्या तोंडानं सांगू? पण चहा पाजलात ना, मग ऐकाच!

साठ-एकसष्टची गोष्ट. विलायतेत दोन वर्षं विजेचं काम शिकून मी पांढरकवड्याला परत आलो. आईला वाटलं, लेक आला. कसला! नुसतं धड आलं होतं, जीव तिकडेच राहिला होता. तिथला धूर, कायम ओला कोट, बसच्या रांगेत हवापाण्याच्या गप्पा मारणाऱ्या म्हाताऱ्या, सगळ्यांची आठवण यायची. आणि सर्वांत जास्त कशाची? हसू नका. सकाळच्या दुधाची!

तिथं दूधवाला पहाटे येतो, उंबऱ्यावर बाटली ठेवतो आणि चालायला लागतो. आपण निवांत उठावं, दार उघडावं, गारेगार बाटली उचलावी. अहाहा!

आणि आमचा गोविंदा गवळी? म्हशीसकट दारात हजर! दुधात पाण्याचा संशय नको म्हणून गिऱ्हाइकासमोरच धार काढायची, ही पद्धत. "बाईऽऽ, दूध!" अशी आरोळी ठोकायचा की हैद्राबाद रोडवरच्या ट्रकवाल्यानं ब्रेक दाबावा.

एका सकाळी मी त्याला गाठलं.

"गोविंदा, उद्यापासून हाक मारू नको. दूध उंबऱ्यावर झाकून ठेव अन् मुकाट्यानं जा."

"काहून जी? घरी समदे बरे हायेत ना?"

"घरचे बरे हायेत रे. मले तिकडची लय आठवण येऊन राह्यली." माझा आवाज खरंच भरून आला. "आईले काही सांगू नको."

गोविंदानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि म्हैस घेऊन गेला. मला वाटलं, किती समजूतदार माणूस!

आता तुम्हीच सांगा, आमच्याकडे हाक न मारता दारात दूध कधी ठेवतात? सुतकाच्या घरी! दोन वर्षांत मी हे साफ विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी दूध गुपचूप आलं. मी खूश. त्याच दुपारी उमरखेडचे पाहुणे आले, त्यांच्या मुलीशी माझं लग्न पक्कं करायला. मुलगी मी पाहिली होती आणि खरं सांगतो, अख्खी विलायत विसरायला लावील अशी तीच एक होती.

पाहुण्यांनी चहाची बशी उचलली, तोच शेजारच्या काकू डोळ्यांना पदर लावून आत. हातात पिठलं-भाकरीची टोपली! मागे गल्लीतले रहीमचाचा मिस्त्री. त्यांनी मला छातीशी घट्ट धरलं.

"सबर कर बेटा. जानेवाली तो चली गई."

"कोण गेलं?" आई घाबरली.

"तुमची मडम सून, बाई!" काकूंनी हुंदका दिला. "तिकडंच वारली म्हणे. गोविंदानं सांगतलं, 'तिकडची' आठवण काढून रडला हा त्याच्यापाशी."

आई मटकन खाली बसली. "माही सून गेली अन् मी तिचं तोंडही नाही पाह्यलं!"

पाहुण्यांची बशी ओठाशीच थबकली. गेलं ना लग्न! मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "अहो, कसली मडम! मी दुधाच्या बाटलीसाठी रडून राह्यलो होतो!"

मग सगळं सांगावं लागलं. पाहुण्यांनी बशी खाली ठेवली.

"बापू, बिजवराले पोरगी देता येते. पण बाटलीसाठी रडणाऱ्याले कशी देऊ?"

आधी आई हसली, मग काकू, मग सगळेच. मी मात्र पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत उभा.

शेवटी पाहुण्यांनीच डोळे पुसले. "देतो. पण एक अट हाये. गवळ्याकडून दूध यानं सोता उठून घ्यायचं. रोज!"

झालं, लग्न झालं. तेव्हापासून भल्या पहाटे भांडं घेऊन म्हशीपुढे मी उभा. गोविंदाला हात जोडून सांगतो, "बाबा, हळू बोल, बाईसाहेब झोपल्या हायेत." ही निवांत उठते, तेव्हा दूध चुलीशी तयार असतं.

म्हणजे विलायतेतला तो दूधवाला आमच्या घरी आला म्हणायचा. फक्त तो मी आहे!